टेकतात का पाय?

१

होर्नी पासेकातल्या विलेम क्रौपाच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं, की तो आधी त्याचे पाय बघायचा. तोंड नंतर. नाव तर कधीकधी विचारायचंच राहून जायचं. दारात उभ्या माणसावर कमरेपासून खाली एकदा नजर फिरवायची, भिंतीची एक सायकल काढायची, पान्याने सीट सैल करून वर नाहीतर खाली सरकवायची, आवळायची आणि म्हणायचं, "बसा. टेकतात का पाय?"

टेकायचेच. दोन्ही चवडे जमिनीला, ना कमी ना जास्त. इतक्या वर्षांत तो एकदाच चुकला असं सांगतात, आणि त्या माणसाचा एक पाय लाकडी निघाला. हे विलेमच सांगायचा, तेव्हा त्यातलं अर्धं सोडून द्या.

बर्फ असेपर्यंत त्याच भिंतीवर स्की टांगलेल्या असायच्या. एप्रिलमध्ये बर्फ उतरला, की ज्या वाटांवरून लोक घसरत गेलेले असतात त्याच वाटांवर सायकली धावू लागतात. यिझेराच्या डोंगरात हे असंच आहे. गावाच्या टोकाला आडवा लोखंडी दांडा लावलाय. त्याच्यापुढे मोटार नाही, भोंगा नाही. स्प्रूसची झाडं, पाणथळ, आणि दोन माणसांना शेजारी शेजारी बोलत जाता येईल एवढी डांबरी वाट. स्कीवाल्यांना बर्फात वाट कळावी म्हणून रोवलेले नारिंगी खांब उन्हाळ्यातही तसेच उभे असतात. कामावरून काढलेल्या माणसांसारखे दिसतात ते तेव्हा.

ही वाट ब्राना खिंडीत रुझेनाच्या टपरीपाशी संपते. तिथे बिअर मिळते, आणि आत ब्लूबेरी भरून उकडलेले, वरून लोणी सोडलेले कणकेचे गोळे. ते खाल्लेला माणूस पुन्हा सायकलवर बसत नाही. पलीकडच्या उतारावरून लिबेरेत्सची बस जाते. लोक सायकल टपरीच्या भिंतीला टेकवतात, रुझेनाला हात करतात आणि बसने निघून जातात. विलेमने ठरवलंच तसं होतं. सायकल तिथे सोडा, मी आणतो.

खूप सायकली साठल्या तर वनखात्याची जीप आणून टाकायची. एकच असली तर विलेम स्वतः जायचा. येताना डाव्या हातात आपल्या सायकलचं हँडल, उजव्या हातात रिकामीचं. वाटेत भेटणारे "आहोय" म्हणून रामराम करायचे आणि वर विचारायचे, "जोडीदार कुठे सांडला?" विलेम म्हणायचा, "लघवीला थांबलाय, येईल मागून."

आता एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. रिकामी सायकल अशी ओढत नेली, की तिची पायडलं स्थिर राहतात आणि मागच्या चाकातलं फ्रीव्हील टिकटिक करतं. माणूस बसून पायडल मारायला लागला, की ही टिकटिक बंद होते. सायकल चालवणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. ठाऊक असतं, म्हणून कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही.

२

विलेमची बायको लिबुशे गेली त्याला तीन हिवाळे झाले होते. दवाखाना, घर, दवाखाना, आणि मग नुसतं घर. तिची हिरवी लेडीज सायकल मागच्या खोलीत टांगलेली होती. ती भाड्याने जात नसे. सीटच्या दांडीवर, जिथे दांडी नळीत शिरते तिथे, लिबुशेने नेलपॉलिशची लाल रेघ मारून ठेवली होती. गिऱ्हाइकांच्या नादात नवरा आपलीही सीट वरखाली करतो, मग चढावर गुडघे दुखतात, अशी तिची तक्रार. "जगाचे पाय मोजतोस," ती म्हणायची, "माझे तेवढे रेघेवर राहू देत."

त्या सप्टेंबरच्या शेवटी शिक्षिकांचा एक घोळका आला आणि एक सायकल कमी पडली. उरलेली बाई बुटकी होती, अगदी लिबुशेएवढी. विलेमने थोडा वेळ खुंटीकडे बघितलं आणि हिरवी सायकल खाली काढली. सीटला हात लावावा लागला नाही.

दुपार कलल्यावर तो खिंडीत गेला तेव्हा बाकीच्या सायकली जीपने नेल्या होत्या. हिरवी तेवढी भिंतीला टेकून उभी होती.

"ही नाही नेऊ दिली," रुझेना काउंटर पुसत म्हणाली. "म्हटलं, ही तुझी तू ने."

तो निघाला. पाणथळाच्या सपाट रस्त्यावर टिकटिक चालू होती. पुढे लांब चढ लागतो, दोन्ही बाजूंनी झाडं जवळ येतात. चढ अर्धा झाला असेल आणि विलेमला वाटलं, काहीतरी बंद पडलं. घरातला फ्रीज बंद पडला की आवाज थांबल्यावर कळतं ना, की इतका वेळ आवाज होता, तसं.

टिकटिक थांबली होती.

त्याने उजवीकडे खाली बघितलं. हिरव्या सायकलची पायडलं फिरत होती. सावकाश, एकसारखी, त्याच्याच पायांच्या गतीने.

विलेम हसला. तीन वर्षं टांगलेली सायकल, आतलं वंगण सुकून डिंक झालेलं. फ्रीव्हील जाम झालं की चाकाबरोबर चेन ओढली जाते आणि पायडलं आपोआप फिरतात. दुकानात येऊन त्याने मागचं चाक काढलं, फ्रीव्हील रॉकेलमध्ये बुडवलं, पुसलं, तेल घातलं. बोटाने फिरवलं तर पाण्यासारखं फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम तिला बरोबर घेऊन गेला आणि घेऊन आला. चढाला टिकटिक पुन्हा थांबली. पायडलं फिरू लागली. चढ संपला, गावाकडचा उतार लागला, आणि पायडलं थांबली. एक पुढे, एक मागे, दोन्ही एका पातळीत. टिकटिक सुरू झाली.

हे त्याला आवडलं नाही. जाम झालेलं फ्रीव्हील चढ आणि उतार ओळखत नाही. उतारावर तर ते जास्तच फिरवेल. चढावर पाय मारायचे आणि उतारावर नुसतं बसून राहायचं, हे माणसाचं काम आहे.

आणि आणखी एक. चढावर रिकामी सायकल ओढून त्याचा उजवा खांदा दर वर्षी दुखायचा. आज दुखत नव्हता.

३

ऑक्टोबर निम्मा सरला की डोंगरात एक मधला काळ येतो. सायकलवाले संपलेले असतात आणि स्कीवाले यायचे असतात. गावातली घरं बहुतेक सुट्टीला येणाऱ्यांची. त्यांच्या खिडक्या बंद होतात, धुराड्यातून धूर येत नाही. सकाळी दुकानाचं दार उघडून विलेम पायरीवर उभा राहिला, की त्याला स्वतःच्या गळ्यातला आवंढासुद्धा ऐकू यायचा. तीन वर्षं तो या दिवसांना घाबरत आला होता. स्कीला मेण लावायचं, हत्यारं धुवायची, धुतलेली पुन्हा धुवायची. जेवताना रेडिओ लावायचा आणि बातम्या देणाऱ्याला उलट उत्तरं द्यायची.

मुलगी हेदविका लिबेरेत्सला राहायची. रोज फोन करायची.

"बाबा, जेवलास?"

"जेवलो."

"काय?"

"लसणाचं सूप."

"कालचंच?"

"कालचं म्हणूनच चांगलं लागलं."

"हे बघ, खोली रिकामी करून ठेवलीय. दुकान दे कुणाला तरी चालवायला. अजून एक हिवाळा तू तिथे एकट्याने काढायचा नाहीस."

"बघू."

"बघू नाही. सांग."

"पहिला बर्फ पडला की सांगतो," विलेम म्हणाला, आणि हा शब्द त्याने खरंच दिला होता. मनातून तो हरला होता. मेणाचा डबा बांधून ठेवायचा आणि खाली जायचं, इतपत त्याची तयारी झाली होती.

ही तयारी हिरव्या सायकलने मोडली.

लिबुशे चढावर कधी बोलत नसे. दम पुरवून वापरायची. आणि सायकल चालवायची नेहमी त्याच्या उजव्या अंगाला, झाडांच्या बाजूने. उतार लागला की तोंड सुटायचं, मग गावभरच्या बातम्या. विलेमने हे आठवायचा प्रयत्न केला नव्हता. ते आपोआप आठवलं, एका संध्याकाळी चढाच्या माथ्यावर, जेव्हा पायडलं थांबली आणि टिकटिक सुरू झाली. कुणीतरी आता बोलणार, असं त्याला वाटलं. कुणी बोललं नाही, तेव्हा तोच बोलला.

"हेदविका खाली बोलावतेय," तो म्हणाला.

टिकटिक चालू राहिली.

मग तो रोज बोलू लागला. सकाळी हिरवीला घेऊन खिंडीत जायचं, टपरीच्या भिंतीला टेकवायची, आत बसून एक बिअर प्यायची, आणि उन्हं उतरायला लागली की घेऊन यायचं. कारण काहीही नाही. एकही गिऱ्हाईक नव्हतं.

"लोक कुत्र्याला फिरवून आणतात," रुझेना म्हणाली, "तू सायकलला आणतोस. भुंकते का?"

"चावते. जवळ जाऊ नकोस."

"सूप पी गरम. पण बरा दिसतोयस हां तू. मागच्या वर्षी या दिवसांत मेलेल्या माशासारखा होतास."

बरा दिसत होता, कारण बरा होता. संध्याकाळी तो सायकल मागच्या खोलीत टांगत नसे. स्वयंपाकघरात, चुलीजवळ, भिंतीला टेकवून ठेवायचा. बाहेर थंडी पडायला लागली होती. दुकानाचा हिशेब, छपराची गळती, हेदविकाचा नवरा कसा कधी दोन शब्द बोलत नाही, आणि त्या शेवटच्या रात्री दवाखान्यात आपण खुर्चीवर झोपून गेलो होतो, हेसुद्धा. सगळं त्याने तिला सांगितलं. घरात शिरताना दार आधी तिच्यासाठी धरायचा, मग आपण आत यायचा.

४

सीटकडे त्याचं लक्ष उशिरा गेलं. आयुष्यभर सीटा बघणाऱ्या माणसाला ते आधी दिसायला हवं होतं.

चुलीजवळ सायकल टेकवताना त्याला लाल रेघ दिसली. ती नळीच्या तोंडाशी असायला हवी होती. ती बोटभर वर होती आणि तिच्या खाली दांडीचं नवं, चकचकीत लोखंड दिसत होतं.

त्याने सीट सैल केली, रेघेवर आणली, आवळली. दुसऱ्या संध्याकाळी रेघ दोन बोटं वर.

आता विलेमचं डोकं काय सांगत होतं ते बघा. दांडी आवळणारा क्लॅम्प ढिला झालाय, ते म्हणालं. लगेच त्याच डोक्यातला दुसरा कोपरा, जो तीस वर्षं या धंद्यात मुरला होता, तो म्हणाला, ढिला क्लॅम्प सीट खाली आणतो. माणसाच्या वजनाने दांडी आत सरकते. ती वर यायची तर कुणीतरी धरून ओढायला लागते.

त्याने नवा क्लॅम्प लावला. रेघ दुसऱ्या दिवशी चार बोटं वर.

सकाळी दुकानातून निघताना सीट रेघेवर असायची. घरी आल्यावर ती वर गेलेली असायची. मधे सायकल फक्त टपरीच्या भिंतीला उभी असते. म्हणजे तिथेच कुणीतरी मस्करी करतंय. रुझेनाला मस्करीची खोड होती. तिने एकदा विलेमच्या टोपीत अंडं ठेवलं होतं, कच्चं. हा विचार आल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने स्वतःसाठी एक पेला स्लिवोवित्सा, आलुबुखाराची दारू, ओतली आणि सायकलच्या बाजूला वळून म्हणाला, "ती रुझेना आहे गं."

चुलीतलं लाकूड खाली बसलं. सीटचं चामडं बारीकसं करकरलं, उठताना खुर्ची करकरते तसं. उष्णतेने चामडं ताणतं, विलेमने स्वतःला सांगितलं.

मग त्याने नको ते केलं. पुढे होऊन सीटवर हात ठेवला. सीट गरम होती. चूल जवळ होती, हे खरं. पण चुलीच्या बाजूचं हँडल गार होतं.

५

दुसऱ्या दिवशी टपरीचा शेवटचा दिवस होता. रुझेना बाकं आत ओढत होती. दुपारनंतर ती बहिणीकडे जाणार, ती थेट स्कीवाल्यांबरोबर परत येणार.

"माझ्या सायकलची सीट वर करतेस ना?" विलेमने बाकाचं दुसरं टोक उचलत विचारलं.

"मी?"

"मग कोण? रोज वर असते."

"मी कशाला करू? पण करायला पाहिजे खरी कुणीतरी. तूच का करत नाहीस? एवढा सीटवाला म्हणून मिरवतोस आणि त्या बिचाऱ्याला तसंच नेतोस."

"कुठल्या बिचाऱ्याला?"

"तुझ्या त्या गिऱ्हाइकाला." रुझेनाने बाक खाली ठेवलं. "मला खिडकीतून तुम्ही पाणथळाच्या वळणापर्यंत दिसता. भिंतीपाशी सायकल काढताना तू एकटाच असतोस, म्हणून म्हटलं, पुढे झाडापाशी थांबत असेल तो. लाजरा असेल. पण विलेम, एवढा उंच माणूस, आणि त्याला लिबुशेची सायकल? गुडघे कानाला लागत होते त्याचे. नाकतोडा बसलाय असं वाटत होतं. मी इथे हसून हसून बेजार."

विलेमने आपल्याकडचं बाकाचं टोक खाली ठेवलं.

"परवा जरा बरं दिसत होतं. काल त्याहून बरं. तेव्हा म्हटलं, आली वाटतं याला अक्कल, थोडी थोडी सीट वर करतोय." तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "का रे? असा काय झालास? कोण आहे तो?"

"गिऱ्हाईक," विलेम म्हणाला.

"तोंड कसं आहे त्याचं? इथून दिसत नाही. तुझ्याकडेच वळलेला असतो सारखा."

विलेमने तिची पिशवी बसथांब्यापर्यंत नेऊन दिली. बस वळणावर दिसेनाशी झाल्यावर तो परत आला आणि टपरीच्या बंद खिडकीसमोर उभा राहिला. हिरवी सायकल भिंतीला टेकून होती. इथेच सोडून जाता येत होतं. कुणी चोरली नसती.

पण ती लिबुशेची सायकल होती. रुझेनाला चष्मा लागलाय, तिला ऊन डोळ्यांवर येतं, पाणथळावर वाफ असते, त्यात माणसं लांबोडकी दिसतात. त्याने खिशातून पाना काढला. सीट सैल केली, खाली आणली, लाल रेघ नळीच्या तोंडाशी बरोबर बसवली आणि दोन्ही हातांनी इतकं आवळलं की पाना तळव्यात रुतला.

"रेघेवर राहा," तो म्हणाला. विनंती होती ती.

६

पाणथळावर धुकं भरलं होतं. सूर्य पाठीमागे, झाडांच्या शेंड्यांना टेकलेला. अशा वेळी आपली सावली जमिनीवर न पडता समोरच्या धुक्यावर पडते, उभी, आपल्याबरोबर चालणारी. डोंगरातल्या माणसाला तिचं काही वाटत नाही.

विलेमने आधी आपली सावली बघितली. खांदे, टोपी. मग नजर उजवीकडे नेली.

बायकी सायकलच्या बारक्या सावलीवर काहीतरी घडी घालून बसवलेलं होतं. दोन गुडघे आळीपाळीने वर येत होते आणि जिथे डोकं असायला हवं त्याच्या दोन्ही बाजूंनी वर जाऊन खाली जात होते. आज सपाटीवरही टिकटिक बंद होती.

त्याने उजवीकडे वळून बघितलं नाही. तेवढं त्याच्याने झालं नाही. त्याचा उजवा हात हँडलच्या मधोमध होता, आणि दोन्ही बाजूंच्या मुठी त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होत्या. रिकाम्या.

मग आवाज आला. लोखंडात लोखंड सरकल्याचा, बारीक, संथ. नळीतून दांडी वर येतानाचा आवाज त्याच्याइतका कुणाला ओळखू येणार? धुक्यावरची सावली उलगडत गेली. गुडघे खाली आले. पाठ सरळ झाली, आणि होतच राहिली. विलेमच्या टोपीच्या वर, वाटेवरच्या नारिंगी खांबाच्या वर. तिचं टोक जिथे धुकं विरळ होत होतं तिथे विरून गेलं.

तो पायडल मारत राहिला. थांबलं तर काय होईल, हे चालत राहण्यापेक्षा भयंकर वाटत होतं.

पाणथळाच्या मध्यावर एक छोटा उतार आहे, ओढ्याच्या पुलाकडे. तिथे टिकटिक सुरू झाली. पायडलं थांबली. आणि सावली कमरेत वाकली. सावकाश, बाजूला, खाली. विरलेलं टोक धुक्यातून परत दिसू लागलं, आणि ते विलेमच्या सावलीच्या कानाशी येऊन थांबलं.

उतारावर तो बोलायचा ना रोज? ते ऐकायला वाकलं होतं.

त्या क्षणी विलेमला जे कळलं ते भीतीच्याही आधी कळलं, आणि जास्त लागलं. दुकानाचा हिशेब, छप्पर, दवाखान्यातली खुर्ची. लिबुशेने यातलं काहीच ऐकलं नव्हतं. ती कधी आलीच नव्हती.

त्याने उजवा हात सोडला.

सायकल पडली नाही. ती त्याच्या शेजारून तशीच टिकटिक करत पुढे गेली, पुलावरून, पलीकडच्या धुक्यात. विलेमने ब्रेक दाबले आणि एक पाय जमिनीला टेकवला. टिकटिक लांब गेली. आणखी लांब. मग थांबली.

टिकटिक थांबली याचे दोनच अर्थ होतात. सायकल उभी राहिली, किंवा कुणीतरी पायडल मारायला लागलं. मारायला लागलं असेल तर कुठल्या दिशेने, ते आवाज नसल्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

घराकडे जायला तेवढी एकच वाट होती.

तो तिथे किती उभा राहिला कोण जाणे. ऊन विझलं, सावल्या गेल्या, धुकं नुसतं राखाडी झालं. शेवटी खाली उतरून, सायकल हाताने धरून, तो चालत निघाला. पूल, चढ, झाडं. प्रत्येक खांब जवळ येईपर्यंत त्याला तो खांब वाटत नव्हता. कुणी भेटलं नाही. लोखंडी दांड्याखालून वाकून तो गावात शिरला, घरात गेला, दाराला कडी घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीचे पडदे ओढून घेतले.

चुलीजवळची भिंत रिकामी होती. तो तिच्याकडे बघत बसला. बोलायला कुणी नव्हतं. रेडिओ लावायचं त्याच्या मनात आलं, पण बातम्या देणाऱ्याला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

७

सकाळी फोनच्या घंटेने त्याला जाग आली. खोलीत तो पांढरा, खालून येणारा उजेड होता.

"बाबा, वर पडला ना बर्फ?"

"थांब, बघतो."

त्याने पडदा बाजूला केला. अंगण, कुंपण, लोखंडी दांडा, सगळं झाकलं गेलं होतं. बर्फावर एक ओरखडा नव्हता, ना पायाचा, ना चाकाचा. आणि खिडकीखाली, भिंतीला टेकून, हिरवी सायकल उभी होती. हँडलवर बर्फ, कॅरिअरवर बर्फ, पायडलांवर बर्फ. सीट मात्र कोरडी होती. काळं चामडं स्वच्छ, वर एक कण नाही. दांडी नळीच्या बाहेर पार शेवटपर्यंत आलेली, त्यापुढे ओढली तर निखळून हातात येईल इतकी. लाल रेघ कुठच्या कुठे हवेत होती.

रात्रभर बर्फ पडला, आणि रात्रभर त्या सीटवर पडला नाही.

"पडलाय," तो फोनमध्ये म्हणाला.

"मग? तू शब्द दिला होतास. मी रविवारी गाडी घेऊन येते. कपडे तेवढे भर, बाकीचं नंतर बघू."

विलेमने स्वयंपाकघराकडे बघितलं. एक खुर्ची, एक वाडगा. लिबेरेत्सची खोली त्याने बघितली होती. चांगली होती, खिडकी होती. घरातली माणसं सकाळी जायची आणि संध्याकाळी दमून यायची. उतारावर वाकून कान देणारं तिथे कुणी नव्हतं.

"नको येऊस," तो म्हणाला. "मी इथेच राहतो."

"एकटा?"

"एकटा कुठे."

"कोण आहे तिथे, बाबा?"

"तू ओळखत नाहीस. मीपण अजून नीटसं नाही."

"बाबा, मला असं काहीतरी सांगू नकोस. मी आज निघते."

"रस्ता बंद असेल. मोकळा झाला की ये," तो प्रेमाने म्हणाला. "आणि येताना जाड मोजे घाल. तुझे पाय लवकर गार पडतात."

फोन ठेवून तो बाहेर गेला. गुडघाभर बर्फातून सायकल उचलून दुकानात आणली. दार आधी तिच्यासाठी धरलं, जरा जास्त वेळ धरलं, मग लावून घेतलं. सायकलवरचा बर्फ त्याने झटकला, चेन पुसली. मग तो फळीवरच्या खोक्यातून सीटच्या दांड्या काढून एकेक बघू लागला. ही आखूड. हीपण. खोक्याच्या तळाशी एक होती, कधीतरी चुकून आलेली, कुठल्याच गिऱ्हाइकाला न लागलेली, अर्ध्या काठीएवढी लांब. ती त्याने बसवली. लाल रेघेची जुनी दांडी कापडात गुंडाळून खणात ठेवली.

ह्याच्याहून लांब दांडी दुकानात नव्हती. पुढचं पुढे.

त्याने क्लॅम्प आवळला, पाना खाली ठेवला, हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि गिऱ्हाइकाला देतात तशी सायकल सरळ उभी केली.

"बसा," तो म्हणाला. "टेकतात का पाय?"

मागचा टायर किंचित दबला. चामडं करकरलं.

विलेम लाकडी जमिनीकडे बघत राहिला, जिथे पाय असायला हवेत तिथे. तोंड नंतर.